दर पंधरा दिवसांनी सीईए करून काय कळतं?

“रिपोर्ट नॉर्मल आलाय, तरी धाकधूक जात नाही. आणखी एक टेस्ट करून घेऊ का?” मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे उपचार संपवून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या घरांतून हा प्रश्न सतत येतो.

एक निवृत्त शिक्षक आले होते. तिसऱ्या टप्प्याचा आजार, ऑपरेशन झालेलं, केमो संपलेली. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी सीईए (आजार उलटतोय का यावर नजर ठेवणारी रक्ततपासणी) सांगितलं होतं. सर ते दर पंधरवड्याला करत होते, तेही बायकोला न सांगता. आकडे २.१, २.६, १.९ आणि मग ३.४. त्या ३.४ नंतर दोन रात्री झोप नव्हती.

“सर, रिपोर्ट चांगला आला की किती दिवस बरं वाटतं?”

“तीन-चार दिवस.”

“आणि केमो संपल्यावर पहिला आला, तेव्हा?”

ते बराच वेळ गप्प राहिले. “तेव्हा महिनाभर पुरला होता.”

पुढचं सगळं काम या एका वाक्यातून निघालं. भीती शमवण्यासाठी केलेली तपासणी दर खेपेला थोडी कमी पुरते आणि पुढची लवकर मागते. ‘घाबरू नका’ म्हणून हे थांबत नाही. माणसाला स्वतःचा हिशेब स्वतः दिसावा लागतो, अशी माझी धारणा आहे. म्हणून घरी करायला एकच काम दिलं: प्रत्येक आकड्यासमोर लॅबचं नाव लिहायचं. पुढच्या वेळी त्यांनी फाइल उघडून समोर सरकवली. “३.४ दुसऱ्या लॅबचा आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.” त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर वर्गातला मास्तर परत दिसला.

दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या तर एकाच माणसाचे आकडेही वेगळे येतात. अनेक लॅब दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात. धूम्रपान, लिव्हरचे विकार, आतड्याची सूज, काही वेळा चालू केमो यांनीही सीईए वाढतं. त्यामुळे लॅब एकच ठेवावी. एखादा आकडा वाढला तर डॉक्टर तपासणी पुन्हा करून चढ टिकतो का ते पाहतात, मग सीटी स्कॅन.

“पण वरचेवर केलं तर लवकर सापडेल ना?” हे स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेमधल्या २,५०९ रुग्णांवर तपासलं गेलं आहे, निष्कर्ष २०१८चे. एका गटाला तीन वर्षांत सीटी आणि सीईए पाच वेळा, दुसऱ्याला दोनच वेळा. पाच वर्षांत मृत्यू १३.० टक्के आणि १४.१ टक्के. हा फरक ठोस म्हणण्याजोगा नव्हता. तरी ठरलेली तपासणी मात्र चुकवू नये: लिव्हरमध्ये वेळेत सापडलेली गाठ काही वेळा काढता येते.

रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएची नवी तपासणीही सरांनी विचारली. २०२२च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात तिचा उपयोग दुसऱ्या टप्प्यात, ऑपरेशननंतर केमो कोणाला द्यायची हे ठरवायला झाला. केमो घेणारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. मनाच्या शांतीसाठी दरमहा करायची ती टेस्ट नव्हे.

“मग मी करायचं तरी काय?” खरा प्रश्न हाच होता. त्याला २०२५मध्ये भक्कम उत्तर मिळालं. केमोनंतर ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी आजाराविना असलेले ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९ टक्के. व्यायाम म्हणजे साधारण ४५ ते ६० मिनिटं झपझप चालणं, आठवड्यातून तीन-चार दिवस. सुरुवात दहा मिनिटांनी, डॉक्टरांना विचारून. केमोनं तळपाय बधिर झाले असतील तर बंद बूट घालावेत आणि परतल्यावर पाय तपासावेत, जखम कळत नाही.

सर आता बायकोबरोबर चालतात. सीईएच्या तारखा डॉक्टरांनी सांगितलेल्याच ठेवतात. शौचातून रक्त, न थांबणारी पोटदुखी किंवा वजन घटणं दिसलं, तर मात्र तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं, हे दोघांनी कॅलेंडरवरच लिहून ठेवलंय.