नेटवर्क मार्केटिंगचा प्लॅन दाखवला की लोक टाळतात. नवीन माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी?

प्लॅन आधी दाखवूच नका. दरमहा किती पैसे हवेत, कशासाठी आणि त्यासाठी आठवड्याला किती तास देता येतील, हे विचारा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. लोक टाळतात ते प्लॅन समजत नाही म्हणून नव्हे. गाडी-बंगल्याचे फोटो पुढे आले की आपण कुणाच्या तरी डाउनलाइनमधला, म्हणजे त्याच्याखाली जोडलेल्या माणसांच्या साखळीतला, आकडा आहोत, हे त्यांना लगेच कळतं. ज्याला मुलीच्या क्लासची फी भागवायची आहे, त्याला 'आर्थिक स्वातंत्र्य' ऐकवून काय उपयोग? तेवढ्या पैशांसाठी महिन्याला किती माल खपवावा लागेल आणि त्याच्या ओळखीत तो खरंच कोण घेईल, हे कागदावर मांडा. गणित बसत नसेल तर तसं तोंडावर सांगा. नियमही याच बाजूचे आहेत: ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, 2021 मध्ये पिरॅमिड योजनांना, म्हणजे माणसं जोडण्याच्याच बदल्यात लाभ देणाऱ्या साखळ्यांना, बंदी आहे. विक्रीसाठी ग्राहकाच्या घरी जायचं तर ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी लागते, त्यामुळे 'सहज चहाला आलो' म्हणत बॅग उघडणंही बसत नाही. मात्र ज्याला पुढच्याच महिन्याचा हप्ता भरायची चिंता आहे, त्याला जोडू नका. त्याची गरज खरी असते, पण गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो आणि तोवर उधारीवर घेतलेला माल घरात पडून राहतो.