चौदाशे नोंदी आणि कोरं प्रकरण

‘नोट्स ढीगभर काढते, पण लिहायला बसलं की हाताला काही लागत नाही. माझ्यात एकाग्रताच नाही का?’ हा प्रश्न मला पीएचडीवाले विचारतात, स्पर्धा परीक्षावाले विचारतात, कंपनीतले मॅनेजरही विचारतात. त्यातल्याच एका ताईंचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई ज्युनिअर कॉलेजात शिकवायच्या. संशोधनाचा विषय बीडच्या ऊसतोड मजुरांचं स्थलांतर. नोंदी ठेवायची तीन ॲप बदलून झाली होती. शेवटच्या ऑब्सिडियनमध्ये चौदाशेवर नोंदी, रंगीबेरंगी टॅग, सगळं कसं देखणं! प्रबंधाचं तिसरं प्रकरण मात्र कोरं. ‘मॅडम, लुमाननं नोंदींच्या 90,000 चिठ्ठ्या केल्या होत्या. माझंच का जमत नाही?’

निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या चिठ्ठ्या खऱ्याच, पण ते चाळीसेक वर्षांचं काम. शिवाय तो उतारे गोळा करत बसत नसे. वाचलेल्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि नवी चिठ्ठी आधीच्या कुठल्या चिठ्ठीमागे जाईल ते ठरवायचा. नोंदी कशा काढाव्यात याचे व्हिडिओ करणारे आकडा सांगतात, हे गाळतात.

मी म्हटलं, एखादी नोंद उघडा. ‘उचल’ नावाची उघडली. कुठल्याशा अहवालातला अख्खा परिच्छेद, पिवळा रंगवलेला, खाली पाच टॅग. ताईंचा स्वतःचा शब्द एकही नाही. ‘आता लॅपटॉप मिटा आणि सांगा, यात तुमच्या कामाचं काय आहे?’

जरा अडखळल्या, मग सुटल्याच. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा, कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ रक्कम देतो. तीच उचल. ती मजुरीतून वळती होते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच जावं लागतं. ‘म्हणजे मॅडम, जायचं की नाही हे दरवर्षी नव्यानं ठरतच नाही!’

‘हे कुठे लिहून ठेवलंय?’

कुठेच नव्हतं.

एकाग्रता चांगली शाबूत होती. नोंद साठवली की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं, गडबड तिथे होती. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. पिवळा रंग त्या पहिल्या पाच मिनिटांचा.

‘मग आधी जुन्या नोंदी नीट लावून घेते,’ ताई म्हणाल्या. नको म्हटलं. ती टाळाटाळच, फक्त कष्टाळू चेहऱ्याची. जुन्या आहेत तिथे राहू द्या, लागतील तेव्हा शोधा. नवं वाचलं की पुस्तक मिटून तीन-चार ओळी स्वतःच्या भाषेत लिहा, मग उघडून पडताळा, पान क्रमांक टाका. आणि ती नोंद विषयाच्या टॅगखाली न ठेवता प्रकरणातल्या ज्या प्रश्नाला उपयोगी पडेल त्याखाली ठेवा. फॉर्म, फोन, गाइडचे निरोप यांना वेगळी खिशातली डायरी, आणि तिथे काम कधी, कुठे करणार तेही लिहायचं. अपुरी कामं डोक्यात घोळत राहतात. नेमकं नियोजन केलं की ते घोळणं कमी होतं, असं मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांना 2011मध्ये आढळलं होतं.

पुढे तिसरं प्रकरण गाइडकडे गेलं आणि लाल शेऱ्यांनी भरून परत आलं. त्यानंतरच्या भेटीत ॲपचा विषय निघाला नाही. उचलीबद्दलचा तो मुद्दा सरांनी खोडला होता आणि ताईंना तो ठेवायचाच होता. सरांशी कसं बोलावं, हे विचारायला आल्या होत्या.