नाकातल्या नळीला अर्धीच ओळ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनची जी माहिती तू रुग्णांसाठी ऑनलाइन टाकणार आहेस, ती वाचली. वैद्यकीय चूक एकही नाही. पण जबडा कुठून कापतात, मानेतल्या गाठी कशा काढतात, यातच निम्मा मजकूर गेला. ऑपरेशननंतर जेवण ज्यातून देतात, त्या नाकातल्या नळीला अर्धी ओळ! तोंडाने जेवायला कधी मिळेल, बोललेलं घरच्यांना कळेल का, छातीची किंवा मांडीची कातडी तोंडात लावतात म्हणजे काय, नंतर खांदा उचलायला का जड जातो, हे लोक विचारतात. रेडिएशन लागेल का, हे बहुतेक वेळा काढलेल्या भागाचा रिपोर्ट आल्यावरच ठरतं. तेही आधीच लिही. नाहीतर ‘ऑपरेशन करूनही रेडिएशन? म्हणजे आत काहीतरी राहिलं’ असं म्हणत घर हवालदिल होतं.

अशी माहिती तपासायला १९९९ साली प्रसिद्ध झालेली ‘डिसर्न’ प्रश्नावली आहे, १६ प्रश्नांची. उपचार घेतलेच नाहीत तर काय होईल, हे सांगितलंय का, असा त्यात एक प्रश्न आहे. तुझ्या मजकुरात त्याचं उत्तर नाही, आणि आपल्याकडे तर ते सगळ्यात आधी हवं. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे ऐकून माणसं महिने घालवतात, तोवर गाठ वाढते आणि मग जास्त भाग काढावा लागतो. ही समजूत जशी बोलली जाते तशीच लिही आणि लगेच खोडून काढ.

भाषा सहावीच्या मुलाला कळेल अशी असावी, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशन सुचवते. ते पटतं. पण त्यासाठी मजकूर वाचायला किती सोपा हे आकड्यात सांगणारं फ्लेशचं सूत्र लावू नकोस. ते इंग्रजीसाठी बेतलेलं आहे, वाक्यांची आणि शब्दांची लांबी मोजतं. वाचणाऱ्याला काय कळलं, ते त्याला दिसत नाही. ओपीडीबाहेर बसलेल्या एखाद्या मावशींना मजकूर वाचून दाखव आणि विचार, “मावशी, आता घरी जाऊन काय सांगाल?” त्या जिथे अडखळतील ते वाक्य पुन्हा लिही, मग ते तुला कितीही आवडत असो.

कोणी लिहिलं, कधी तपासलं, तेही खाली घाल. आणि नळी निघाली, मानेतून रक्त आलं, श्वास अडकला तर काय करायचं आणि फोन कुठे लावायचा, हे सगळ्यात वर, ठळक. तो नंबर रात्री दोन वाजता उचलला जातो का, ते आधी स्वतः लावून बघ.

तुझा,
सर