आधी माती किती गार आहे ते पाहा

वाचकांचे प्रश्न : थंडीतली बाग

या खेपेला प्रश्नांइतकेच प्रयोगही टपालात आले आणि ते वाचताना फार बरं वाटलं. कुणी बी पेरून त्याच्या नोंदी ठेवल्या, कुणी पानांचे फोटो तारीख घालून पाठवले. सगळ्या पत्रांत एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. रात्री हवा किती गार होती हे प्रत्येकाने लिहिलं, कुंडीतली माती किती गार होती हे कुणीच नाही. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते. कुंडीला मात्र चारी बाजूंनी गार हवा लागते, त्यामुळे तिची माती लवकर थंड पडते. तेव्हा एक टोकदार दांड्याचा साधा थर्मामीटर घ्या, सकाळी पाणी घालण्याआधी तो बोटभर खोल खुपसा आणि आकडा वहीत लिहा. खालच्या बऱ्याच प्रश्नांची अर्धी उत्तरं त्या आकड्यातच आहेत.

ताई, टोमॅटोची रोपं चार पानांवर येऊन थांबली आहेत. पानांची मागची बाजू आणि शिरा जांभळट झाल्या आहेत. फॉस्फरस कमी पडला, हाडांचा चुरा घाला, असं एका अनुभवी बागकाम करणाऱ्यांनी सांगितलं. किती घालू?

इतक्यात काहीच घालू नका. जांभळटपणा फॉस्फरसच्या कमतरतेचा आहे हे त्यांचं निदान बरोबर असू शकतं, पण कमतरता रोपात आहे, मातीत असेलच असं नाही. माती गार असली की मुळांची वाढ मंदावते आणि मातीत असलेला फॉस्फरसही त्यांना उचलता येत नाही. मग पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठतं. हाडांचा चुरा तसाही फार हळू विरघळतो, आणि माती अल्कधर्मी असेल तर जवळजवळ विरघळतच नाही. गार मातीत तो नुसता पडून राहील.

कुंड्या फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा. दुपारचं ऊन ज्या भिंतीवर पडतं तिच्या लगत त्यांना जागा द्या. लहान रोपं रात्री घरात घेता आली तर उत्तम. पाणी सकाळी उशिरा, ऊन आल्यावर घाला आणि ते नळाचं अगदी गार नको. नवी येणारी पानं हिरवी दिसली की समजा, अडचण थंडीचीच होती. जुन्या पानांचा रंग बदलेलच असं नाही, त्यांच्याकडे पाहून निष्कर्ष काढू नका.

हाडांचा चुरा वापरून बघायचाच असेल तर एका कुंडीत घाला, दुसरीत घालू नका, आणि दोन्ही उबेत शेजारी शेजारी ठेवा. कुंडीही उबेत नेली आणि खतही घातलं, तर रोप कशाने सुधारलं हे कधीच कळणार नाही.

पेंड आणि शेणखताबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे, म्हणून इथेच सांगते. सेंद्रिय खतातला नत्र झाडाला मिळण्याआधी जिवाणूंना तो नायट्रेटमध्ये बदलावा लागतो. माती १० अंश सेल्सिअसखाली गेली की हे काम फारच मंद होतं. झाड पिवळट दिसतं म्हणून आपण पुन्हा खत घालतो, ते साचतं, आणि ऊब आली की सगळं एकदम सुटतं. थंडीत खताचं प्रमाण कमीच ठेवा. आणि टोमॅटोला फुलं येऊन गळत असतील तर रात्रीचं तापमान बघा. ते १३ अंशांच्या खाली राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फळधारणा होत नाही. त्यावर फवारणीचा उपाय नाही.

मी धण्यांचा प्रयोग केला. एका कुंडीत अख्खे धणे पेरले, दुसरीत तेवढेच धणे रगडून, फोडून पेरले. फोडलेले लवकर आणि दाट उगवले. म्हणजे फोडूनच पेरावेत ना?

प्रयोग आवडला. फोडून पेरावेत, हे खरंच. लवकर उगवले याचं श्रेय फोडण्याला द्यायला माझी हरकत नाही, कारण वरचं कवच सुटलं की बीपर्यंत पाणी लवकर पोचतं. 'दाट' या शब्दापाशी मात्र मी थबकले. धणा हे फळ आहे, त्यात दोन बिया असतात. अख्ख्या धण्यातूनही दोन कोंब येऊ शकतात, पण ते एकाच जागी येतात आणि नजरेला एक रोप वाटतात. फोडलेल्या बिया कुंडीभर पसरतात आणि दाट दिसतात. पुढच्या वेळी दोन्ही कुंड्यांतली रोपं बुडाशी बोट लावून मोजा. भिजवण्याचा परिणाम पाहायचा असेल तर त्यासाठी तिसरी कुंडी करा. आणि गार मातीत धण्याला उगवायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेवढ्यात माती उकरून बघू नका.

लेट्यूसचं बी दोनदा पेरलं, एकही उगवलं नाही. ऊब मिळावी म्हणून ट्रे फ्रिजवर ठेवला होता. याच जागी मिरचीचं बी छान उगवलं होतं. बी जुनं असेल का?

बियांना दोष देण्याआधी दोन गोष्टी बघू.

पहिली, ऊब. मिरचीला उगवायला २५ ते ३० अंशांची माती आवडते, म्हणून फ्रिजवरची जागा तिला मानवली. लेट्यूसचं नेमकं उलटं आहे. माती साधारण २७ ते ३० अंशांच्या वर गेली की त्याचं बी उगवायचं थांबतं, ओल असूनही झोपून राहतं. पालकाचंही बरंचसं असंच. त्यांना १५ ते २० अंशांची माती द्या.

दुसरी, खोली. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांच्या बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी याच बियांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लाल प्रकाश दिला की बी उगवायला तयार होतं, लगेच अतिलाल (लालच्याही पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) प्रकाश दिला की ती तयारी पुसली जाते, पुन्हा लाल दिला की पुन्हा तयार. शेवटचा प्रकाश कोणता, यावर सगळं ठरतं. या कामातूनच पुढे फायटोक्रोम हे झाडातलं प्रकाश ओळखणारं द्रव्य सापडलं. तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की बी मातीवर भुरभुरा, तळव्याने हलकं दाबा आणि वर मातीचा थर देऊ नका. ओल टिकावी म्हणून पारदर्शक झाकण चालेल, फक्त ते उन्हात ठेवू नका, आत पटकन तापतं.

पॉइन्सेटियाचं झाड तिसऱ्या वर्षीही हिरवंच. निरोगी आहे, भरपूर वाढतं, पण लाल होत नाही. बाल्कनीत ठेवलं आहे, समोर रस्त्याचा दिवा आहे.

तुमचं शेवटचं वाक्य हेच उत्तर आहे. पॉइन्सेटियाला लांब रात्र लागते, साधारण १४ तासांचा सलग अंधार, रोज, आठ ते दहा आठवडे. तेव्हा कुठे वरची पानं लाल होतात. (ती पानंच असतात, खरी फुलं मधली बारीक पिवळी.) मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी झाडाच्या लेखी ती रात्र दोन तुकड्यांत मोडते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध असतो हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. शेवंतीही याच कुळाचारातली, तिची कळी धरत नसेल तर तिच्यावरही रात्री कुठला दिवा पडतो ते बघा.

संध्याकाळी पाचला झाडावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, सकाळी आठला काढा. खोक्याच्या फटींवर कागद चिकटवा. दिवसा भरपूर उजेड हवाच. मधले दोन-चार दिवस चुकले तर लाली लांबते, म्हणून हे काम घरातल्या एकाच्याच अंगावर सोपवा. रंग धरला की खोकं घालणं बंद केलं तरी चालतं.

वाटाण्यावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली. पाण्यात दूध मिसळून फवारलं तर जाते असं ऐकलं. खरं आहे का?

बऱ्याच अंशी. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये झुकिनीच्या (भोपळ्याच्या जातीतल्या भाजीच्या) रोपांवर केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदोनदा दुधाचं पाणी फवारल्यावर भुरी आटोक्यात राहिली होती. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी हे प्रमाण घ्या. सकाळी, ऊन असताना, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. पण सुरुवातीचे ठिपके दिसताच करा. पानं पांढरीफटक झाल्यावर उपयोग नाही, अशी पानं काढून टाका.

भुरीला इतर बुरशींसारखी पानावर पाण्याची गरज नसते. कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री तिला पुरतात, म्हणूनच ती थंडीत फोफावते. वेल विरळ करा, मधून वारा जाऊ द्या. आणि एक सावधगिरी : गंधकाची पावडर वापरली असेल तर त्यानंतर निदान दोन आठवडे निंबोळी तेल फवारू नका, पानं करपतात.

थर्मामीटर ३ अंश दाखवत होता, तरी सकाळी पानांवर हिमकण होते. वर प्लास्टिक टाकलं होतं. जिथे प्लास्टिक पानाला टेकलं तिथेच पानं काळी पडली.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून हवा ३ अंशांवर असताना पान शून्याखाली जाऊ शकतं. प्लास्टिकचा पातळ कागदही तसाच गार होतो आणि टेकलेल्या पानाची ऊब ओढून घेतो. जुनी चादर वापरा, काठ्या रोवून ती पानांपासून वर ठेवा, आणि तिच्या कडा जमिनीपर्यंत येऊ द्या. झाकणाखालची ऊब मातीतून येते, वरच्या वर छत्रीसारखी धरलेली चादर ती अडवू शकत नाही. दिवस मावळण्याआधी झाका, ऊन आल्यावर काढा. माती कोरडी ठक्क असेल तर आदल्या दुपारी पाणी द्या, ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते. काळी पडलेली पानं आत्ताच छाटू नका, थंडी सरेपर्यंत खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात त्यांना, त्यांचाच आडोसा असतो.

लसणाची एक पाकळी लावली की एकच गोल गड्डा येतो, पाकळ्या पडतच नाहीत. लावण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावा का?

हो, ठेवून बघा. पाकळ्या पडायला लसणाला आधी गारवा आणि मग वाढत जाणारा दिवस लागतो. गारवा कमी पडला किंवा पाकळी फार लहान असली की असा एकसंध गोळा तयार होतो. मोठ्या पाकळ्या निवडा, कागदी पिशवीत घालून काही आठवडे फ्रिजच्या कमी गार कप्प्यात ठेवा आणि बाहेर काढल्या की लगेच लावा. थोड्या पाकळ्या न गारवता शेजारच्या कुंडीत लावा आणि काढणीच्या वेळी दोन्हींचे फोटो पाठवा. आत्ता हाती आलेले गोल गड्डे टाकू नका. नीट वाळवून ठेवा आणि पुढच्या थंडीत तेच लावा. साध्या पाकळीपेक्षा त्यांच्यात साठा जास्त असतो, आणि गारवा मिळाला तर त्यांच्यापासून पाकळ्यांचा चांगला भरलेला गड्डा मिळतो.