जपानमधली शिनानो नदीच्या खोऱ्यातली जोमोन (जपानच्या प्रागैतिहासिक काळातली) मातीची भांडी दोन दिवसांत कुठे आणि कशी बघावीत?

आधी तोकामाची शहराचं संग्रहालय गाठा. तोक्योहून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) एचिगो-युझावा, तिथून होकुहोकू लाइनने तोकामाची. सासायामा या उत्खननस्थळी सापडलेली सुमारे 5000 वर्षांपूर्वीची ज्वालाकृती भांडी इथे आहेत. 1999 मध्ये ती राष्ट्रीय ठेवा ठरली.

काठ नीट बघा. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे चार उंचवटे आणि मध्ये करवतीचे दाते असतील तर ज्वालाकृती. दाते नसून काठ लाटेसारखा असेल तर मुकुटाकृती. इथे बरेच जण फसतात. ‘जोमोन’ म्हणजे दोरीचे ठसे, पण अस्सल ज्वालाकृती भांड्यावर ते सहसा नसतातच! नक्षी मातीच्या वळ्या चिकटवून आणि चिरलेल्या बांबूने रेघा ओढून केलेली. चाक नाही, भट्टी नाही. वळ्या रचून घडवायचं आणि उघड्या जाळावर भाजायचं. आतल्या बाजूला करपलेल्या अन्नाचा थर दिसला तर तिथे थांबाच. एवढी नटलेली भांडी चुलीवर चढत होती, याचा तो पुरावा!

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या ईयामा लाइनने एचिगो-कावागुचीमार्गे नागाओका. तिथल्या उमाताका या उत्खननस्थळी 1936 मध्ये पहिलं ज्वालाकृती भांडं मिळालं. ईयामा लाइनवर गाड्या फार कमी, एक चुकली की बराच वेळ जातो. वेळापत्रक आधी बघा. सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. हिवाळ्यात इथे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ साठतो, म्हणून मे ते ऑक्टोबर उत्तम.