ओ-रिंग कुरतडली जातेय, बॅकअप रिंग कशाची घेऊ?

प्रश्न: आमच्या प्रेसच्या सिलिंडरला ग्लँडवर (सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा, दांड्याला वाट देणारा भाग) बाहेरून नायट्राईल रबराची, 70 शोअर कडकपणाची ओ-रिंग (तेल अडवणारी गोल रबरी रिंग) आहे. प्रेशर 350 बारपर्यंत जातं, तेल नेहमीचंच हायड्रॉलिक, तापलं की 80-85 डिग्री. दर दोन-तीन महिन्यांनी लीक होतं आणि उघडलं की रिंगची एक कड उंदरानं कुरतडल्यासारखी निघते. सगळे म्हणतात बॅकअप (ओ-रिंगला मागून आधार देणारी कडक रिंग) टाका, पण टेफ्लॉन, नायलॉन की पीक (PEEK, एक कडक प्लास्टिक)?

उत्तर: ती कुरतडलेली कडच सगळं सांगतेय बघा. प्रेशर चढलं की सिलिंडर किंचित फुगतो, ग्लँड आणि सिलिंडरमधली फट उघडते, रबर त्यात शिरतं, प्रेशर उतरलं की फट मिटते आणि शिरलेलं रबर चिमटीत सापडून तुटतं, असं दर स्ट्रोकला. 70 शोअरची रिंग नेहमीच्या क्लिअरन्सला साधारण 100 बारपर्यंतच एकटी तग धरते, तुम्ही 350 वर आहात. म्हणून आधी फट मोजा, मटेरियल नंतर.

तुमच्या तेलाला आणि तापमानाला मी पहिल्यांदा 90 शोअर नायट्राईलची अखंड बॅकअप रिंग बघेन. ताणून बसते, कट नसतो, बसली की परत आपल्या मापावर येते. एक बाजू खोलगट असेल तर ती ओ-रिंगकडे. टेफ्लॉनही चालेल, ते जवळपास कुठल्याच केमिकलला दाद देत नाही, पण सतत दाबाखाली हळूहळू सरकतं आणि फट मोठी असेल तर तेच आत घुसायला लागतं, तिथे मग ग्लास किंवा ब्राँझ भरलेलं घ्यावं. तिरक्या कटाची घेतलीत तर दोन्ही टोकं नीट जुळलीत ना ते नखानं चाचपून बघा, तिथे पायरी राहिली की ओ-रिंगवर नेमका त्याच जागी वळ उठतो.

नायलॉन पाणी शोषून फुगतं, तेलात ठीक आहे, पण पुढे वॉटर-ग्लायकॉलवर (तेलाऐवजी वापरायचं, पाणी मिसळलेलं हायड्रॉलिक द्रव) जाणार असाल तर नकोच. पीक जबरदस्त आहे, 250 डिग्रीपर्यंत चालतं, पण इतकं कडक की अखंड रिंग ताणून बसवता येत नाही, कटवालीच घ्यावी लागते. तुमच्या कामाला त्याची गरज मला दिसत नाही.

आणि बाजू चुकवू नका हो. तुमच्याकडे प्रेशर एकाच बाजूनं येतं, म्हणजे आधी तेल, मग ओ-रिंग, तिच्या मागे बॅकअप. उलटी बसली तर ती असून नसल्यासारखी. नुसत्या ओ-रिंगसाठी कापलेल्या ग्रूव्हमध्ये (खाचेत) ती कोंबूही नका, रबराला फुगायला जागाच उरत नाही, ग्रूव्ह बॅकअपच्या जाडीइतका रुंद करून घ्या.