गुडघा दुखत नाही, मग पळू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी नाशिकला सिडकोत राहतो, वय 23. कबड्डीत गुडघा फिरला, एसीएल (गुडघ्याच्या आतला, हाडांना जोडून धरणारा लिगामेंट) तुटलं, ऑपरेशनला 4 महिने झाले. आता अजिबात दुखत नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळायला लागू का? मित्र म्हणतात पांडवलेणीच्या पायऱ्या चढ, ताकद येईल.

उत्तर : अरे, दुखणं थांबलं म्हणजे गुडघा तयार झाला असं नसतं ना, नेमकी इथंच पोरं फसतात आणि मला फार वाईट वाटतं. एसीएलच्या जागी आत बसवलेला पट्टा बहुतेकदा तुझ्याच पायाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) असतो, त्याचा लिगामेंटसारखा घट्ट बंध व्हायला कितीतरी महिने जातात, आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत तो उलट कमजोरच होतो.

आधी एवढं बघ. पलंगावर पाय लांब कर, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ होतो का? मग टेपने दोन्ही मांड्या वाटीच्या वर सारख्या उंचीवर मोज, ऑपरेशनचा पाय बहुतेक बारीक भरेल, तो भरून काढणं हेच आत्ताचं खरं काम. सूज नसेल आणि फिजिओने ताकद तपासून हो म्हटलं तरच सपाट ट्रॅकवर सरळ रेषेत हळू पळ. पायऱ्या आत्ता नकोच, उतरताना गुडघ्यावर जास्त लोड येतो. आणि कबड्डी 9 महिन्यांच्या आत नाही म्हणजे नाही, तेव्हासुद्धा एका पायावरच्या उड्यांची टेस्ट पास झालास तरच. मध्येच सूज आली किंवा गुडघा सटकल्यासारखा वाटला तर थांब आणि सर्जनला दाखव.